'रेन मॅन' आणि बदलीचा हुकूम

परवा बऱ्याच वर्षांनी 'रेन मॅन' (१९८८) पुन्हा पाहिला. डस्टिन हॉफमनचा अभिनय आजही तितकाच अस्सल वाटला; माझी तक्रार आहे ती कथेबद्दल. संस्थेतल्या ठरलेल्या दिनक्रमातून उचललेला रेमंड सिनसिनाटीहून मोटारीने लॉस एंजेलिसला येतो, आणि या प्रवासात पालटतो तो त्याचा भाऊ चार्ली! रेमंडला तो किती जड गेला, याची कथेला फारशी फिकीर नाही.

आमच्या शेजारी अमेरिकन लष्करातले एक कुटुंब होते. मुलगा ऑटिस्टिक. दर दोन-तीन वर्षांनी बदली. नव्या गावी नवे थेरपिस्ट, शाळेशी पहिल्यापासून बोलणी, आणि राज्याच्या मदतीच्या प्रतीक्षायादीत पुन्हा शेवटचा नंबर. लष्कर अशा मुलांची नोंद ठेवते. २०१४ साली 'ट्रायकेअर' विम्यात ऑटिझमसाठी खास योजनाही सुरू झाली. पण ओळखीचा थेरपिस्ट काही ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. "नव्या घरात तो महिनाभर नीट झोपत नाही," असे त्याची आई मला म्हणाली होती.

चित्रपटात रेमंड शेवटी रेल्वेने संस्थेत परततो. तिथे त्याची खोली, त्याची पुस्तके जागच्या जागी असतात. लेखकांनी ही सोय करून ठेवली, म्हणून आपण समाधानाने उठतो. शेजारच्या त्या मुलाला परतायला अशी खोली नव्हती.