अलंकार की अवयव? : घरगुती गेमिंगच्या पूरक साधनांची चिकित्सा

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, पूरक साधने, अलंकार, पडदा, सुगम्यता

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेमची समीक्षा बहुधा कथा, दृश्य आणि ध्वनी यांपाशी थांबते. खेळणाऱ्याच्या हातात काय आहे, तो कशावर बसला आहे, कोणत्या पडद्याकडे पाहतो आहे, हे प्रश्न जाहिरातींच्या आणि दुकानदारांच्या हवाली केले जातात. वस्तुतः गेम ही हाताने वाचावयाची संहिता आहे. तिच्या आस्वादात माऊस, कीबोर्ड, हेडफोन, कंट्रोलर आणि मॉनिटर यांचा वाटा मोठा असतो. म्हणून या साधनांच्या खरेदीचा विचार हा एका परीने आस्वादाचाच विचार ठरतो.

त्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील एक जुनी कसोटी उपयोगी पडते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अलंकाराचा विचार करताना असे प्रतिपादन केले, की रसाच्या ओघात, वेगळा प्रयत्न न करता जो सिद्ध होतो तो अलंकार ग्राह्य होय. शृंगारासारख्या सुकुमार रसात यमकाचा हव्यास त्याला म्हणूनच बाधक वाटला. पूरक साधनांनाही हीच कसोटी लावता येते. साधन खेळाच्या गरजेतून आले असेल, तर ते त्याचा अवयव बनते. बाहेरून चिकटवले असेल, तर ते दागिना म्हणूनच उरते. हा भेद तीन प्रश्नांतून स्पष्ट होतो : खेळ कोणता, पडदा कोणता आणि हात कोणाचा?

२. खेळ कोणता?

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली आणि तेथील दुकानदार या मालाचे नावही काढेनासे झाले. अशा वेळी, १९८५ मध्ये, निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपले कन्सोल तेथे नेताना त्याच्या एका संचात ‘रॉब’ नावाचा छोटा यंत्रमानव दिला. तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील प्रकाशाच्या संकेतांवर चाले आणि समोरचे भोवरे किंवा चकत्या उचलून ठेवी. त्याच्यामुळे कन्सोलला खेळण्याचे रूप आले आणि दुकानाचे दार उघडले. परंतु त्याच्यासाठी निघालेले गेम दोनच : ‘जायरोमाइट’ आणि ‘स्टॅक-अप’. विक्रीचे प्रयोजन संपताच यंत्रमानवाचेही प्रयोजन संपले. त्याने खेळाची गरज भागवली नव्हती, बाजाराची भागवली होती.

याच्या उलट उदाहरण २००५ च्या ‘गिटार हिरो’चे. पाच रंगीत बटणे आणि तार छेडण्याची एक पट्टी असलेले प्लास्टिकचे गिटार त्या गेमसोबत मिळे. ते बाजूला ठेवून हा खेळ सामान्य कंट्रोलरवर खेळता येई. पण मग त्यात बोटांचा व्यायाम तेवढा उरे. वादक असल्याचा जो आनंद गेमला अभिप्रेत होता, तो त्या गिटारच्या आकारातच साठवलेला होता. येथे साधन संहितेशी एकजीव झाले आहे. मात्र अशा एकजीवपणाची किंमतही असते. २०११ मध्ये प्रकाशक कंपनीने या मालिकेचा विभाग बंद केला आणि घरोघरची गिटारे अडगळीत गेली. एकाच गेमचा अवयव असलेले साधन त्या गेमइतकेच जगते, हे खरेदीदाराने आधीच ओळखावयास हवे.

तिसरा प्रकार अधिक उद्बोधक आहे. १९९७ मध्ये ‘स्टार फॉक्स ६४’ या गेमबरोबर ‘रम्बल पॅक’ आले. कंट्रोलरला जोडावयाची, हाताला कंप देणारी ही स्वतंत्र डबी होती. त्याच वर्षी सोनीने ‘ड्युअलशॉक’ कंट्रोलरच्या पोटातच कंपनाची सोय केली. पुढे २००६ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’सोबतच्या कंट्रोलरमधून ती गाळली गेली, तेव्हा तिची उणीव इतकी जाणवली की २००७ मध्ये ‘ड्युअलशॉक ३’ आणून ती भरून काढावी लागली. काल जे बाहेरून जोडले होते, ते आज नसले तर हात सुन्न वाटतो. अलंकाराचा अवयव झाला तो असा.

३. पडदा कोणता?

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत जपानी कन्सोलच्या स्वस्त नकला आल्या. त्यांच्यासोबत बहुधा एक प्लास्टिकची बंदूकही असे. पडद्यावरील बदके टिपणाऱ्या या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे; उलट तीच पडद्याकडे पाहत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक त्याची नोंद घेई. ही सारी रचना जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचाच्या तात्काळ उमटणाऱ्या चित्रावर बेतलेली होती. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे ती बंदूक तेथे आंधळी ठरते. तिच्यात बिघाड झालेला नसतो, तिचा जोडीदार बदललेला असतो. कोणतेही साधन एकटे विकत घेता येत नाही, हा या उदाहरणाचा अर्थ आहे.

आजच्या खरेदीत याच गोष्टीचे विस्मरण होते. साधनांच्या खोक्यांवर अंकांची स्पर्धा लागलेली असते. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रांच्या मॉनिटरवर ६.९ आणि २४० च्या मॉनिटरवर ४.२. म्हणजे पहिल्या पायरीवर जवळजवळ १० मिलिसेकंदांचा लाभ होतो, दुसऱ्या पायरीवर तो ३ मिलिसेकंदांहूनही कमी भरतो. सेकंदाला १००० ऐवजी ८००० वेळा संगणकाला आपली जागा कळवणारा माऊस जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ वाचवतो. दृश्य पाहून बोट हलविण्यास माणसाला मात्र साधारणतः २०० मिलिसेकंद लागतात. दोन तुल्यबळ स्पर्धकांमध्ये हा सूक्ष्म लाभही मोलाचा ठरू शकेल, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ‘स्ट्रीट फायटर ६’ (२०२३) मधील लढत सेकंदाला ६० चित्रांवरच बांधलेली आहे. तेथे २४० चित्रांचा मॉनिटर लढतीत नवी चित्रे निर्माण करीत नाही. अंक खरा असतो, पण तो ज्या खेळाच्या संदर्भात अर्थपूर्ण होतो तो खेळच पुष्कळदा घरात नसतो.

४. हात कोणाचा?

‘गेमिंग’ खुर्ची हे निखळ अलंकाराचे उदाहरण होय. तिच्या पाठीच्या आणि बैठकीच्या उंचावलेल्या कडा शर्यतीच्या मोटारीतून आल्या आहेत. वळणावर चालकाचे शरीर बाजूला फेकले जाऊ नये, हे त्यांचे तेथील काम. घरातील खोली वळण घेत नाही. कमरेला आधार, उंची कमीजास्त करण्याची सोय आणि पाय जमिनीवर टेकणे या साध्या अपेक्षा कार्यालयातील चांगली खुर्चीही पुऱ्या करते. शर्यतीची आठवण तेवढी जास्तीच्या किमतीत मिळते.

या आभासी गरजांच्या पार्श्वभूमीवर एक खरी गरज दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. प्रचलित कंट्रोलर दोन सशक्त हात, दोन चपळ अंगठे आणि अनेक बोटे गृहीत धरतो. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याला खेळाच्या दाराशीच थांबावे लागे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ बाजारात आणला. त्यावर तळहाताने किंवा कोपराने दाबता येतील अशी दोन मोठी बटणे आहेत आणि मागील बाजूस ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा आहेत. पायाने दाबावयाची पट्टी, हलक्या स्पर्शाची कळ, मोठी दांडी, असे जे साधन ज्याच्या शरीराला जमते ते त्याने तेथे जोडावे. त्याचे खोकेही दोऱ्यांच्या फासांनी ओढून उघडता येईल असे योजलेले होते. सोनीचा ‘ॲक्सेस’ कंट्रोलर त्यानंतर २०२३ मध्ये आला.

येथे ‘पूरक’ हा शब्द प्रथमच आपल्या पूर्ण अर्थाने सार्थ होतो. ज्या खेळाडूसाठी ते पायाचे बटण जोडले जाते, त्याच्या दृष्टीने ते चैनीचे साधन नव्हे. त्याच्यावाचून खेळच नाही. तथापि मूळ कंट्रोलर घेतल्यावर जोडावयाच्या कळा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, ही या रचनेची मर्यादा आहे. सर्वाधिक गरजू खेळाडूला सर्वाधिक खर्च करावा लागतो. रंगीत दिव्यांच्या कीबोर्डला जेवढी जागा दुकानाच्या दर्शनी भागात मिळते, तेवढी या कळांना मिळत नाही, यातून बाजाराचा अग्रक्रम दिसतो.

५. निष्कर्ष

पूरक साधनाचे मूल्य त्याच्या खोक्यावर छापलेले नसते. खेळाने मागितलेले, घरच्या पडद्याशी जुळणारे आणि खेळणाऱ्याच्या हाताला पेलणारे साधन साधे असले तरी अवयव ठरते. या तीनही कसोट्यांवर न उतरणारे साधन कितीही महाग असले तरी ते ओढूनताणून जुळवलेल्या यमकासारखेच होय. यावरून खरेदीचा क्रमही निश्चित होतो : आधी खेळ, मग पडदा, मग हातातील साधन आणि सर्वांत शेवटी शोभा. पुष्कळ घरांत हा क्रम नेमका उलटा आढळतो. त्याची किंमत पालकांच्या खिशाला तर मोजावी लागतेच. परंतु दोन हातांनी कंट्रोलर धरू न शकणाऱ्या मुलाला ती अधिक मोजावी लागते, कारण त्याच्या गरजेची वस्तू मागणीअभावी दुर्मीळ आणि महाग राहते. गेमच्या समीक्षेने हातातील साधनांकडे वळण्याची निकड आहे ती त्याच्यासाठी.