अर्बुदाचे नाव आणि निदान

मराठवाड्यातील रुग्ण जिला ‘गाठ’ म्हणतो, तिला आपले परिभाषाकार ‘अर्बुद’ म्हणतात; उगम मात्र दोन्ही शब्द सांगत नाहीत. पण उगम सांगणारे नावही फसविते. १८८० मध्ये मालेर्ब व शेनांते यांनी त्वचेतील एका चुनखडीयुक्त गाठीचे मूळ त्वक्स्नेह ग्रंथीत मानून तसे नाव दिले. १९६१ मध्ये फॉर्बिस व हेल्विग यांनी ते केशमूलातील पेशींत दाखविले आणि ‘पायलोमॅट्रिक्सोमा’ ही संज्ञा सुचविली. सूक्ष्मदर्शकाखालील केंद्रकहीन ‘छायापेशी’ हाच येथे निदानाचा मोठा आधार होय. अशा वेळी जुन्या नावाचा शब्दशः प्रतिशब्द घडविणे म्हणजे जुनी चूक संस्कृत वेषात नांदविणे होय. ‘केशमूलार्बुद’ ही संज्ञा त्यामुळेच ग्राह्य वाटते. कोशकाराने व्युत्पत्तीपूर्वी ऊतिपरीक्षेचा निर्णय वाचावा, हे उत्तम.