बॅगेतले मांस आणि दुकानातले मांस

स्पेनमधल्या बिल्बाओसारख्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा उघडल्या की काय काय निघते! हरणाचे मांस, बदक, डुक्कर, टर्की, अगदी गिनीपिगसुद्धा. युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक देशांतून प्रवाशांनी मांस आणायला तिथे बंदी आहे. सापडलेला माल जप्त होतो. दाविद रोद्रिगेझ-लाझारो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा माल प्रयोगशाळेत तपासला आणि २०१७ साली 'फ्रंटिअर्स इन मायक्रोबायॉलॉजी' या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. २०१२ ते २०१५ या काळात ४५ देशांतल्या विमानांतून आलेले पदार्थ आणि युरोपच्या सीमेलगतच्या खुल्या बाजारांतले पदार्थ मिळून ८६८ नमुने होते. त्यांपैकी १३६ नमुन्यांत 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' हा जीवाणू आढळला आणि २६ नमुन्यांत त्याचा औषधाला दाद न देणारा प्रकार, म्हणजे एमआरएसए.

८६८ पैकी २६ म्हणजे ३ टक्के. हे जास्त की कमी?

हा प्रश्न जरा बाजूला ठेवून या जीवाणूची ओळख करून घेऊ. स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्यातल्या कित्येकांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहत असतो. जखमेत शिरला तर मात्र त्रास देतो. पेनिसिलीनच्या कुळातली औषधे त्याच्या पेशीभित्तिकेचे बांधकाम थांबवतात. ती बांधणाऱ्या प्रथिनांनाच ती जाऊन चिकटतात. एमआरएसएपाशी 'मेक-ए' नावाचे जनुक असते. त्यापासून बनणाऱ्या वेगळ्या प्रथिनाला औषध नीट चिकटतच नाही, त्यामुळे औषध असूनही बांधकाम चालू राहते. मेथिसिलीन वापरात आल्यावर एक-दोन वर्षांतच, १९६१ मध्ये, इंग्लंडमधून असा जीवाणू सापडल्याची नोंद झाली होती.

आता पुन्हा त्या ३ टक्क्यांकडे वळू. 'चोरट्या मांसात औषधरोधी जीवाणू' एवढे ऐकले की मनात लगेच चित्र तयार होते. धोका परक्या देशातून, परक्या माणसाच्या बॅगेतून येतो आहे. पण नेदरलँड्समध्ये उघडपणे, कायद्याने विकल्या जाणाऱ्या मांसाची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २२१७ नमुन्यांपैकी २६४ मध्ये, म्हणजे ११.९ टक्के नमुन्यांत, एमआरएसए होता. कोंबडीच्या मांसात १६ टक्के, टर्कीच्या मांसात ३५.३ टक्के. शिकारीच्या प्राण्यांच्या मांसात मात्र अवघे २.२ टक्के. पशुवैद्यकाचा शिक्का, शीतपेटी, पावती असे सगळे असलेले हे मांस!

हे दोन आकडे शेजारी ठेवून 'चोरटे मांस चौपट सुरक्षित' असे म्हणायला मी तयार नाही. नमुने निवडण्याची आणि जीवाणू वाढवण्याची पद्धत दोन्हीकडे एकच नव्हती. मांसाचे प्रकारही वेगळे. पण उलट बाजूचे विधान तरी कशाच्या जोरावर करायचे? निबंधाच्या ८६८ नमुन्यांत त्याच शहरातल्या दुकानांमधून घेतलेले, कायद्याने विकलेले मांस नाही. सातवीच्या मुलांना आपण खताचा प्रयोग सांगतो तेव्हा खत न घातलेली कुंडी ठेवायला बजावतो. इथे ती कुंडी नाही. शिवाय सीमेवर जप्त झालेला माल आणि खुल्या बाजारात विकत मिळणारा माल एका बेरजेत घातला आहे. त्यामुळे '३ टक्के' नेमके कशाचे, हेही धूसर होते.

लेखकांचे श्रेय नाकारायचे नाही. कुणी ढुंकूनही न पाहिलेला माल त्यांनी पाहिला, जीवाणूंची जनुके तपासली, कोणत्या वाणाचे आहेत ते नोंदवले. वाण कळला तर जीवाणू कुठून आला असावा याचा माग लागतो. डच मांसात सापडलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के जीवाणू एसटी-३९८ या वाणाचे होते. हा वाण डुकरे आणि वासरे दाटीने पाळणाऱ्या गोठ्यांमध्ये फोफावला. तिथे प्रतिजैविके भरपूर दिली जात. नंतर नेदरलँड्सने जनावरांसाठीच्या प्रतिजैविकांची विक्री २००९ च्या तुलनेत निम्म्याहूनही खाली आणली. हा उपाय कुठल्याही विमानतळावर करता आला नसता.

आणखी एक गोष्ट निबंध वाचताना विसरू नये. मांस नीट शिजवले की एमआरएसए मरतो. हा जीवाणू अन्नात वाढून जे विष तयार करतो ते उकळूनही टिकते आणि त्याने उलट्या होतात खऱ्या, पण त्या उलट्यांवर प्रतिजैविक देतच नाहीत. तेव्हा जीवाणू औषधरोधी आहे की नाही, याने त्या रुग्णाला फरक पडत नाही. फरक पडेल तो कच्चे मांस हाताळणाऱ्याच्या हातावर जखम असेल तर.

याचा अर्थ बॅगा तपासू नयेत असा मुळीच नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बेकायदा आयात मांसाचे उष्टे-खरकटे डुकरांना घातले गेले, त्यातून विषाणू आला असावा असा सरकारी तपासाचा कयास होता. बंदीसाठी हे कारण पुरेसे भक्कम आहे. त्याला एमआरएसएच्या भीतीचा टेकू कशाला?

त्याच आठवड्यात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने गावातल्या खाटकांकडचे आणि मोठ्या दुकानांतले तितकेच नमुने तपासले असते, तर ३ टक्क्यांना काही अर्थ आला असता. हे काम फार खर्चिकही नाही. त्यासाठी विमानतळावर जावे लागत नाही, पिशवी घेऊन बाजारात जावे लागते.