‘सदृश’ हा शब्द गाळू नये

आमच्या जळकोटात स्टेरॉइड म्हटले की गुडघेदुखीची सुई आठवते, नाहीतर तालमीतल्या पोरांनी चोरून घेतलेले इंजेक्शन. मेंदू स्वतःच स्टेरॉइड तयार करतो, असे सांगितले की ऐकणारा हसतो. मलाही हे चाळिशी उलटल्यावर कळले. विज्ञानाची पदवी नाही. शब्दकोश शेजारी ठेवून मूळ शोधनिबंध वाचण्याची सवय तेवढी आहे. त्यातल्याच एका निबंधाविषयी लिहितो आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील खिस्ती, चोपडे आणि जैन यांचा हा निबंध २००० साली ‘फार्माकॉलॉजी, बायोकेमिस्ट्री अँड बिहेविअर’ या नियतकालिकात आला.

शाळेत आपण शिकलो ते असे : ग्रंथी संप्रेरक सोडते, ते रक्तातून पेशीत जाते, जनुके जागी करते आणि तासांनी परिणाम दिसतो. १९८१ मध्ये फ्रान्सच्या बोल्यू यांच्या गटाने अधिवृक्क आणि वृषण ग्रंथी काढलेल्या उंदरांच्या मेंदूतही एक स्टेरॉइड टिकून असल्याचे दाखवले. १९८६ मध्ये माजेव्स्का आणि सहकाऱ्यांनी पुढचा धागा पकडला. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे काही पदार्थ चेतापेशीच्या पृष्ठभागावरील गाबा-ग्राहकाला थेट चिकटतात. गाबाने उघडलेले दार अधिक वेळ उघडे राहते, क्लोराइड आत शिरते आणि पेशी शांत होते. जनुकांची वाट पाहावी लागत नाही. यातला प्रमुख पदार्थ म्हणजे अलोप्रेग्नॅनोलोन.

नागपूरकरांनी तो उंदरांना देऊन पाण्यात सोडले. पोरसोल्ट यांची १९७७ची ही चाचणी. सुटकेची वाट नसलेल्या भांड्यात उंदीर पोहतो, मग निश्चल तरंगतो. ही निश्चलता म्हणजे निराशा, असे मानायचे. औषध दिलेले उंदीर कमी वेळ निश्चल राहिले. मला हा निकाल भक्कम वाटतो, कारण गुंगी आणणाऱ्या पदार्थाने उंदीर उलट जास्त वेळ पडून राहायला हवा होता. गाबाच्या मार्गावर काम करणारी औषधे जोडीला देऊन त्यांनी तो मार्गही तपासला.

आक्षेप चाचणीवर आहे. बाहेर पडता येत नाही हे कळलेला उंदीर शक्ती वाचवत नसेल कशावरून? शिवाय नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना माणसात कित्येक आठवडे लागतात. इथे काही मिनिटांत निकाल. म्हणूनच निबंधाच्या शीर्षकात ‘नैराश्यरोधक-सदृश’ असा शब्द आहे. लेखकांनी तो प्रामाणिकपणे ठेवला. गाळला मी. गावातल्या वाचनालयात बोलताना सरळ ‘मेंदूतले नैराश्यावरचे औषध’ म्हणून मोकळा झालो. कार्यक्रम संपल्यावर एक बाई आल्या. ‘‘दादा, ती गोळी कुटं मिळंल? सून बाळंत झाल्यापासून भिंतीकडं तोंड करून बसती.’’ मी गप्प.

गंमत अशी, की त्या काळी नसलेली गोळी आता आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत अलोप्रेग्नॅनोलोनच ब्रेक्सॅनोलोन या नावाने, शिरेतून ६० तास देण्यासाठी, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर मंजूर झाले. २०२३ मध्ये त्याच घराण्यातली झुरॅनोलोन आली, १४ दिवस रोज घ्यायची. डोस घेतल्यावर निदान १२ तास गाडी चालवायची नाही, अशी ठळक सूचना तिच्यावर आहे. मात्र त्याच वेळी, त्याच गोळीला सर्वसाधारण गंभीर नैराश्यासाठी तिथल्या औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली.

म्हणजे नागपूरची दिशा चुकली नव्हती. पण बाळंतपणात कमालीचे वाढलेले अलोप्रेग्नॅनोलोन प्रसूतीनंतर झपाट्याने खाली येते, ही घटना पाण्यातल्या उंदराच्या चाचणीत कुठेच नाही. भांड्यातला उंदीर बाळंतिणीचे नैराश्य आणि इतर नैराश्य यांत फरक करू शकत नाही. औषध मात्र करते आहे. या शाखेतल्या बऱ्याच निबंधांची खरी उणीव मला इथे दिसते. एकच चाचणी, एकच आकडा, आणि त्यावर आजाराचे नाव.

त्या बाई पुढच्या आठवड्यात बाजारात भेटल्या. गोळीविषयी काही बोललो नाही. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि सुनेला घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, असे सांगितले. चिठ्ठी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.