सेंको हानाबी: स्थिर हाताची आतषबाजी

जपानमध्ये आतषबाजीचा मोसम उन्हाळ्याचा. नदीकाठी आकाशात फुटणारी दारू पाहायला लोटालोट होते. पण घरच्या अंगणात मुलांच्या हाती येते ती सेंको हानाबी. पातळ कागदाला पीळ देऊन केलेली नाजूक वात आणि तिच्या टोकाशी जेमतेम ०.१ ग्रॅम दारू: सोरा, गंधक, कोळसा. आपल्या फुलबाजीत धातूचा कीस झगमगतो; इथे धातू अजिबात नाही. एवढ्याशा ऐवजातून जे फुलतं, ते मला भल्याथोरल्या रोषणाईहून सरस वाटतं.

तिच्या अवस्थांना जपान्यांनी नावं दिली आहेत. आधी टोकाशी लालबुंद थेंब जमतो, थरथरतो: ही ‘बोतान’, म्हणजे पिओनी. मग क्षणभर काहीच घडत नाही, आणि तीच जागा मला सर्वांत प्रिय आहे. एकाएकी ‘मात्सुबा’ सुरू होते. पाइनच्या सुयांसारख्या ठिणग्या चहूकडे उसळतात, आणि प्रत्येक ठिणगी वाटेतच फुटून तिला फांद्या फुटतात. वितळलेल्या क्षारांच्या थेंबातले बुडबुडे फुटतात, त्यातून थेंबुकले उडतात आणि तेही हवेत फुटतात. पुढे ‘यानागी’, विलोच्या झुकलेल्या रेषा. शेवटी ‘चिरिगिकु’, गळणाऱ्या शेवंतीच्या पाकळ्या. भौतिकशास्त्रज्ञ तेरादा तोराहिको यांना या क्रमात संगीत दिसलं आणि त्यांनी १९२७ साली त्यावर लिहिलं. त्यांचे शिष्य, हिमकणांचे अभ्यासक नाकाया उकिचिरो यांनी प्रयोगशाळेत त्या ठिणग्यांचा अभ्यास केला.

या कलेचा खरा कस मात्र धरणाऱ्या हातात आहे. हात हलला किंवा वारा आला की थेंब गळतो, खेळ संपतो. दोन-चार वाती एकदम पेटवल्या तर एकीचंही रूप दिसत नाही. वारा अडेल अशी जागा, एका वेळी एकच वात, हात अंगापासून दूर, टोक कुणाकडेही नाही, शेजारी मोठं माणूस आणि पाण्याने भरलेली बादली: सुरक्षिततेचे हे नियम आणि रसास्वादाचे नियम इथे वेगळे काढताच येत नाहीत. मुलाला ‘हलू नकोस’ म्हणून दटावावं लागत नाही. थेंब टिकावा म्हणून ते आपणहून श्वास रोखतं.

आपल्या दिवाळीत फुलबाजी गरागरा फिरवायची हौस असते. या वर्षी मुलांना ती एका जागी, सुती कपड्यांत, स्थिर धरून पाहायला सांगा. आणि जळलेली तार अंगणात फेकू देऊ नका, थेट बादलीत बुडवा. विझल्यासारखी दिसली तरी ती अनवाणी पायाला भाजते.