चित्रकथेतील शब्द कोणाचा? : ‘भीमायन’च्या निमित्ताने

चित्रकथेचा लेखक कोणास म्हणावे? पात्रांच्या मुखी शब्द घालणारा तो लेखक आणि रेषा ओढणारा तो चित्रकार, अशी विभागणी रूढ आहे. तीमुळे कोणाच्या वाट्यास काय येते, हे मात्र क्वचितच तपासले जाते. अमेरिकेत जॅकी ऑर्म्स या कृष्णवर्णीय स्त्रीने १९३७ साली ‘पिट्सबर्ग कूरिअर’ या वृत्तपत्रात स्वतः लिहिलेली व रेखाटलेली चित्रमाला सुरू केली. तथापि मार्व्हेलसारख्या मोठ्या प्रकाशनसंस्थेची लेखणी रॉक्सेन गे व योना हार्वी या कृष्णवर्णीय लेखिकांच्या हाती येण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

भारतातील आदिवासी स्त्रीच्या बाबतीत याच प्रश्नाचा विचार ‘भीमायन’ (नवयान, २०११) या इंग्रजी चित्रग्रंथाच्या आधारे करता येतो. डॉ. आंबेडकरांनी भोगलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग हा त्याचा विषय. कथा श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, चित्रे मंडला जिल्ह्यातील परधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची.

परधान हे गोंडांचे परंपरागत कथागायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून वंशकथा गाणे हे पुरुषांचे काम. भिंतीवर व भुईवर ‘दिगना’ची नक्षी रेखणे हे स्त्रियांचे. म्हणजे शब्द पुरुषाकडे व रेषा स्त्रीकडे, ही वाटणी छापखान्यापूर्वीचीच आहे. ‘भीमायन’मध्ये चौकटींची नेहमीची रचना नाही, दिगनाच्या वळणदार पट्ट्याच पृष्ठाचे भाग पाडतात. कोणता प्रसंग आधी वाचावयाचा व कोठे थांबावयाचे, हे त्या ठरवितात. जातिद्वेषाने बोललेल्या शब्दांच्या फुग्यास विंचवाची नांगी आहे, सोसणाऱ्याचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात. उच्चाराचा जो भाव लिपीत उतरत नाही, तो येथे आकृतीने व्यक्त होतो. निवेदनाचा क्रम व वाणीचा स्वर ठरविणे हे लेखकाचेच कार्य होय. या अर्थी घरच्या भिंतीवरील स्त्रीकलेने येथे लेखनाचा काही अधिकार मिळविला आहे.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे योग्य ठरणार नाही. श्रेयनामावलीत कथेचा मान इतरांकडेच आहे. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही कलेसाठी. ‘चित्र हेच तिचे लेखन’ असे गौरवाने म्हणताना तिला शब्दाची संधी नाकारली जात नाही ना, याविषयी समीक्षकाने सावध असावयास हवे.

गोंडपिपरीसारख्या तालुक्यात या प्रश्नास भाषेचे परिमाण लाभते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे तीस लाख होती. तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. मुन्शी मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी लिपी रचली, २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. तथापि लिपी उपलब्ध होणे व लेखिकेस पृष्ठ मिळणे या भिन्न गोष्टी होत. ज्या घरांत गोंडी बोलली जाते, तेथील मुलांच्या हाती शाळेत मराठी पुस्तक पडते. आजीची गोष्ट त्यात क्वचितच असते.

गोंड स्त्रीने रेखाटलेल्या चित्रकथेतील फुग्यांत तिचेच गोंडी शब्द असतील आणि मुखपृष्ठावर लेखिका म्हणून तिचेच नाव असेल, तेव्हा ही संधी पूर्ण झाली असे म्हणता येईल. ‘भीमायन’ने त्या वाटेचा अर्धा टप्पा गाठला आहे.