‘मोकळी जागा’ म्हणजे नेमकी किती? गिरण्यांच्या जमिनीच्या नियमाची चिकित्सा

मागच्या महिन्यात इंदापूरच्या एका मित्राने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. पहिलंच वाक्य असं होतं : ‘जुनी औद्योगिक जमीन स्टेशनजवळ असेल, तर तिथे घरं, ऑफिसं आणि दुकानं एकत्र आणल्याने शहराचा फायदा होतो.’ वाक्य वाचायला छान आहे, चुकीचंही नाही. पण त्यातला एकही शब्द अजून मोजता येत नाही. जमीन म्हणजे किती? जवळ म्हणजे काय? आणि शहराचा फायदा म्हणजे कुणाचा?

हा प्रयोग महाराष्ट्रात एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय, मुंबईच्या गिरणगावात. त्यामुळे आज त्या प्रयोगाचा नियमच वाचायला घेऊ. रिसर्च पेपर वाचतो तसाच : आधी व्याख्या, मग निष्कर्ष.

नियम काय होता

पार्श्वभूमी थोडक्यात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. मागे उरली परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या भागातली सुमारे ६०० एकर जमीन. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांना लागून असलेली आणि नकाशावर ‘औद्योगिक’ रंगाची.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीच्या जमिनीवर दुसरं काही बांधायचं असेल तर जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला, घरं किंवा ऑफिसांसाठी. टक्केवारी जमिनीच्या आकारानुसार बदलायची. महापालिकेचे ३३ टक्के कायम आणि पाच हेक्टरपर्यंत मालकाला ४० टक्के, तर दहा हेक्टरच्या वर ३० टक्के. ढोबळमानाने ‘एक तृतीयांशाचं सूत्र’ म्हणा.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. मला इथे थांबायचंय, कारण टक्केवारीला कुणी फारसा हातच लावला नाही. बदलला तो छेद, म्हणजे डिनॉमिनेटर. आधी शेड पाडल्यावर मोकळी होणारी जागाही वाटणीत धरली जायची. दुरुस्तीनंतर वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची आणि शिल्लक चटईक्षेत्राची. शेडखालची जागा वाटणीतून बाहेर.

एक काल्पनिक गिरणी घेऊ. एकूण जमीन ९ हेक्टर. त्यातली ७ हेक्टर शेड, चिमणी, गोदामं यांच्याखाली, २ हेक्टर मोकळी. हिशोब सोपा व्हावा म्हणून तिन्ही वाटे समान धरू.

जुन्या पद्धतीने महापालिकेला ३ हेक्टर, म्हाडाला ३, मालकाला ३.

नव्या पद्धतीने वाटणी फक्त २ हेक्टरची. महापालिकेला साधारण ०.६७, म्हाडाला ०.६७ आणि मालकाकडे शेडखालची धरून सुमारे ७.६७.

सूत्र ‘एक तृतीयांश’च राहिलं. मैदानाची जागा मात्र साडेचार पटीने घटली. गिरणी म्हणजे मुळात जमीन भरून टाकणारी इमारत. साचे, स्पिनिंग, गोदाम, सगळं पसरट. तिथे मोकळी जागा कमीच असणार हे नियम लिहिताना कुणालाही दिसण्यासारखं होतं.

दुसरी बाजूही लिहा

चिकित्सा करायची म्हणजे फक्त चूक दाखवायची असं नाही. दुरुस्तीच्या बाजूनेही मुद्दे होते. १९९१ च्या सूत्राखाली फार थोडे प्रस्ताव पुढे आले. दोन तृतीयांश जमीन द्यायची म्हटल्यावर मालक गप्प बसून राहिले, जमीन पडून राहिली आणि कामगारांची देणीही थकली. विक्रीतून पैसा आला तर ती देणी भागतील, हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मोकळ्या जागेत शेड पाडून होणारी जागाही येते असा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली.

इथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. ‘नियम वैध आहे का?’ हा कोर्टाचा प्रश्न. ‘नियमाने जे साधायचं म्हटलं होतं ते साधलं का?’ हा संशोधकाचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं म्हणून दुसरा सुटत नाही. माझी टीका या दुसऱ्यावर आहे. मालकाला प्रोत्साहन कमी पडत होतं तर टक्केवारी बदलता आली असती. ती सगळ्यांना दिसली असती आणि तिच्यावर उघड भांडता आलं असतं. व्याख्येतला बदल वाचणाऱ्यांनाच दिसतो.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. म्हाडाच्या वाट्यातूनच गिरणी कामगारांची घरं उभी राहायची होती. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती. अर्ज करणारे कामगार आणि वारस लाखाहून कितीतरी जास्त. छेद छोटा झाला की रांग लांबते.

‘जवळ’ हा दुसरा निसरडा शब्द

आता माझीच एक चूक सांगतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी क्यूजीआयएसवर स्टेशनांभोवती ५०० मीटरची वर्तुळं काढली होती. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणात स्थानकाभोवतीचं प्रभावक्षेत्र ५०० ते ८०० मीटर धरलंय, त्यामुळे आकडा बरोबर होता. लोअर परळच्या गिरण्या वर्तुळात आल्या आणि मी लिहून मोकळा झालो : ‘वाहतुकीची सोय उपलब्ध.’ गाईडनी एकच विचारलं, ‘या वर्तुळात पूल किती रुंद आहे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंतर मोजलं होतं, क्षमता मोजलीच नव्हती.

माझे चुलत आजोबा इंदापूर तालुक्यातून मुंबईला जाऊन गिरणीत लागले होते, संपानंतर गावी परत आले. ते सांगायचे, ‘पहिला भोंगा झाला की चाळीतून निघायचं, दुसऱ्या भोंग्याला खात्यात. लोकलचा पास कशाला लागतोय?’ गिरणगावचा कामगार बहुतेक चालत कामाला जायचा. म्हणजे घर, काम, खाणावळ, बाजार हे सगळं एका हाकेवर आधीपासूनच होतं. त्या जागी ऑफिसं आली. तिथे काम करणारा माणूस विरार, ठाणे, डोंबिवलीहून येऊ लागला. जमीन तीच, स्टेशनही तेच. रोज स्टेशनवर उतरणारी माणसं मात्र वेगळी आणि कितीतरी जास्त.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. सावध राहा, ‘हे नियम ५८ मुळे झालं’ असं मी म्हणत नाही. एका घटनेवरून असं कारण सांगता येत नाही, आणि तसं म्हणालो तर मित्राच्या सिनॉप्सिसमधली चूक मीही करेन. एवढं मात्र म्हणता येतं की जमिनीचा वापर बदलणाऱ्या नियमात पुलाच्या रुंदीला जागाच नव्हती. जमीन एका खात्याकडे, पूल दुसऱ्याकडे. आपलं वर्तुळ मात्र दोघांवरून आरामात फिरतं.

आपल्याकडे याचा काय संबंध

मित्राला बारामती आणि इंदापूरवर काम करायचंय. तिथे जाण्याआधी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या.

पहिली, नियम कुठला लागतो. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, औद्योगिक झोनमधल्या जमिनीवर अटी पाळून घरं-दुकानं करायची तरतूद आहे. पण एमआयडीसीचं क्षेत्र या नियमावलीतून वगळलेलं आहे. म्हणजे बारामती नगरपरिषदेच्या हद्दीतला जुना कारखाना आणि बारामती एमआयडीसीतला प्लॉट यांना एकच नियम लावून चालणार नाही.

दुसरी, ‘ट्रान्झिट’ म्हणजे काय. बारामती हे दौंडहून येणाऱ्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन. इंदापूर शहराला रेल्वेच नाही, तालुक्यातलं भिगवण सोलापूर लाइनवर आहे. मोजक्या गाड्या थांबणाऱ्या स्टेशनाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून ‘मेट्रोसारखं’ म्हणायचं, तर एसटी स्टँडने काय पाप केलंय? आपल्याकडची खरी वर्दळ तिथेच आहे. दर तासाला गाड्या किती, बसायला जागा किती, शेवटची गाडी कधी, हे स्टँडवर वही घेऊन बसून मोजता येतं.

तिसरी, आधी काय होतं ते नोंदवा. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर बघा. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात वसवलेलं. कारखान्यालगत वसाहत आणि बाजार. ‘मिश्र वापर’ हा शब्द आपल्या कागदांत येण्याच्या कितीतरी आधी तो तिथे होता. गिरणगावातही होता. त्यामुळे ‘बंद औद्योगिक जमिनीला जीवदान’ असं लिहिण्याआधी तिथे आज कोण राहतं, कोण चालत कामाला जातं, हे मोजलं नाही तर तुमची बेसलाइनच शून्य धरली जाते. आणि शून्यापासून मोजलं तर कुठलाही प्रकल्प फायद्याचाच दिसतो.

नियमात बदल करताना हरकती-सूचना मागवल्या जातात. पुढच्या वेळी अशी नोटीस दिसली की टक्केवारी नंतर वाचा. आधी ‘म्हणजे’ने सुरू होणारी वाक्यं वाचा. मोकळी जागा म्हणजे... सुविधा क्षेत्र म्हणजे... स्थानक म्हणजे... आणि प्रत्येकापुढे वरच्यासारखं ९ हेक्टरचं गणित पेन्सिलने करून बघा.

मित्राने वाक्य बदललंय. आता ते असं आहे : ‘बारामती एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांत पोचता येणाऱ्या जुन्या औद्योगिक भूखंडांवर वापर बदलल्यास सार्वजनिक वाट्याला किती चौरस मीटर येतात आणि आज तिथे काम करणाऱ्यांपैकी किती जणांना तिथेच राहता येतं?’

वाचायला तेवढं छान नाही. पण यावर तीन वर्षं काम करता येईल.